पशुवैद्यकाचे मनःस्वास्थ्य : गोपालकांनीही जाणून घ्यावे असे

गाय आजारी पडली की आपण पशुवैद्यकाला बोलावतो. परंतु पशुवैद्यकच खचला तर काय, हा विचार सहसा कोणी करीत नाही. जनावराच्या लाथेने हाड मोडले तर ते सर्वांना दिसते. मनाला आलेला थकवा मात्र दिसत नाही आणि तो बोलून दाखविण्याची या व्यवसायात पद्धतही नाही. गावात डॉक्टरसाहेब म्हणून मान असलेल्या माणसाने ‘मला झेपत नाही’ असे म्हणणे अवघड असते.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो याची कल्पना परदेशातील पाहणीवरून येते. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील पशुवैद्यकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत आत्महत्येने मृत्यू येण्याचे प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि महिला पशुवैद्यकांत ३.५ पट आढळले. ब्रिटनमध्येही हे प्रमाण सुमारे तीन ते चार पट असल्याचे २०१० च्या सुमारास दाखवून देण्यात आले. आकडे परदेशातील असले तरी त्यामागील बरीच कारणे, म्हणजे वेळी-अवेळीचे काम, एकटेपणा, वारंवार पाहावा लागणारा मृत्यू आणि मालकाचा रोष, आपल्या गोठ्यातही ओळखीची आहेत. यांपैकी काही कारणे कमी करणे गोपालकांच्या हातात आहे. म्हणून हा विषय येथे मांडला आहे.

पिंपरी-चाकण पट्ट्यातील बदललेले काम

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात पशुवैद्यकाच्या कामाचे स्वरूप गेल्या काही दशकांत बदलले. मोशी, चऱ्होली, तळवडे ही गावे १९९७ साली महानगरपालिकेत आली. खेड तालुक्यातील महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, वासुली या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. जमीन कमी झाली, पण गोठे संपले नाहीत. घरटी दोन-चार संकरित गाई आजही आहेत. एक-एक गाय लाखाच्या घरात गेल्याने तिचे आजारपण कुटुंबाला मोठा घोर लावते.

घरातील मुलगा कंपनीत पाळीवर जातो, गोठ्याचे काम घरातील बाई पाहते. दुसरी पाळी सुटून मुलगा रात्री घरी आला, गोठ्यात डोकावला आणि गाय खात नाही असे दिसले, की त्या वेळी डॉक्टरांचा फोन वाजतो. रात्री पुणे-नाशिक महामार्ग किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावरील अवजड वाहनांतून मोटारसायकलवर वाट काढत डॉक्टरांना गोठा गाठावा लागतो. दिवसा याच रस्त्यांवर वाहने खोळंबल्याने पाच-सहा किलोमीटरच्या अंतरालाही बराच वेळ लागतो.

आजारांचे स्वरूपही बदलले आहे. विकतच्या चाऱ्यातून तार, खिळे, पत्र्याचे तुकडे पोटात जाणे, मोकाट गाईंनी प्लॅस्टिक खाणे, यामुळे पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शहरात कुत्री-मांजरे पाळणारी कुटुंबे वाढली. काही खाजगी पशुवैद्यक सकाळी खेड्यात गाई तपासतात आणि सायंकाळी शहरातील दवाखान्यात कुत्री पाहतात. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर ५,००० पशुधन घटकांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. या मापात जनावरांची संख्या मोजली जाते. रात्र, अंतर, रस्ता आणि माणसांचा रोष मोजला जात नाही.

ताण नेमका कशाने येतो?

१) अपुरी झोप : दिवसभर दवाखाना, लसीकरण, कृत्रिम रेतन आणि रात्री अडलेली गाय असे चक्र सुरू राहिले की झोप तुटते. सतत झोप कमी पडल्याने चिडचिड वाढते, निर्णय चुकतात आणि वाहन चालविताना डुलकी लागण्याचा धोका राहतो.

२) मृत्यूशी रोजचा संबंध : उपचार करूनही काही जनावरे दगावतात. असाध्य व वेदनेत असलेल्या प्राण्याचा अंत घडविण्याची तरतूद प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० मध्ये आहे. त्याचा निर्णय आणि कृती दोन्ही पशुवैद्यकाच्या वाट्याला येतात. ज्या हाताने सकाळी वासरू ओढून वाचविले, त्याच हाताने सायंकाळी घरच्यासारख्या झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचे झोपवावे लागते. घरची माणसे रडत असतात. डॉक्टरांना मात्र पुढच्या रुग्णाकडे वळावे लागते.

३) उपाय माहीत, पण करता येत नाही : शस्त्रक्रियेने गाय वाचेल हे ठाऊक असते, परंतु मालकाजवळ पैसे नसतात. काही वेळा घरगुती उपचारांत तीन दिवस गेलेले असतात. अशा वेळी मनाला लागणारी टोचणी साध्या थकव्यापेक्षा अधिक खोल असते.

४) दाखल्यासाठी दबाव : विम्यासाठी शवविच्छेदनाचा दाखला, खरेदी-विक्रीसाठी आरोग्याचा दाखला, शर्यतीच्या बैलांसाठी तंदुरुस्तीचा दाखला, हे सर्व पशुवैद्यकाच्या सहीने होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी राज्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव भागांत घाट पुन्हा गजबजले. लंगडणाऱ्या बैलाला ‘तंदुरुस्त’ लिहून द्या असा आग्रह ओळखीच्याच माणसाकडून झाला, की सही केली तर मन खाते आणि नाही केली तर गाव दुरावते.

५) दोषारोप : जनावर दगावले की ‘इंजेक्शन दिल्यामुळे मेले’ असे म्हटले जाते. आता मोबाईलवर चित्रफीत काढून ती गावभर पाठविण्याचा प्रकारही दिसतो. आधीच्या यशस्वी उपचारांची आठवण अशा वेळी कोणी काढत नाही.

साथीच्या काळात ही सर्व कारणे एकदम उभी राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यात लंपी चर्मरोगाचा उद्रेक सुरू झाला. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यातील गाय-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ३९ लाख होती. एवढ्या मोठ्या पशुधनाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याचे काम थोड्या महिन्यांत उरकावे लागले. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. चाकणसारख्या गावी, जेथे शनिवारच्या बाजारावर अनेकांचे व्यवहार अवलंबून असतात, तेथे याची झळ लगेच कळते. पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर यांनी एकीकडे लसीकरण, दुसरीकडे गाठींनी भरलेल्या जनावरांवर उपचार आणि तिसरीकडे पंचनामे अशी कामे केली. साथ ओसरली की आपण ती विसरतो. तिच्यात राबलेल्या माणसांचा थकवा मात्र साथीबरोबर आपोआप ओसरत नाही.

ताण, थकवा आणि आजार यांतील फरक

कामाचा ताण सर्वांनाच असतो. दोन दिवस विश्रांती मिळाली की तो उतरतो. दीर्घकाळ साचलेला ताण मात्र वेगळा असतो. त्यात माणूस पूर्ण गळून जातो, कामाविषयी अलिप्त किंवा कडवट होतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे त्याला वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात याची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे नैराश्य किंवा दारूचे व्यसन जडू शकते. नैराश्य हा आजार आहे, तो स्वभावाचा दुबळेपणा नव्हे आणि त्यावर उपचार आहेत.

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा :

- झोप न लागणे, पहाटे लवकर जाग येणे किंवा दिवसभर झोपावेसे वाटणे
- भूक मंदावणे, कशातच गोडी न वाटणे
- फोन वाजला की छातीत धडधडणे किंवा फोन टाळणे
- क्षुल्लक कारणावरून मालकावर, सहकाऱ्यावर, घरच्यांवर चिडणे
- नेहमीच्या कामात चुका होणे, मात्रा पुन्हा पुन्हा तपासावी लागणे
- मद्यपान वाढणे, मित्र व नातेवाईकांपासून दूर राहणे
- ‘माझ्यामुळे सर्वांना त्रास होतो’, ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे

शेवटचे लक्षण दिसल्यास दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेल्लोसिस) हा रोग जनावरांपासून माणसाला होतो. गाभडलेल्या गाईची वार किंवा वासरू उघड्या हाताने हाताळल्यास अथवा लस टोचताना सुई स्वतःला लागल्यास पशुवैद्यकाला त्याची लागण होऊ शकते. चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी, दीर्घ थकवा आणि उदासीनता ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून सतत थकवा असलेल्या पशुवैद्यकाने वैद्यकीय डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगून रक्ततपासणी करून घ्यावी. गोपालकांनी आपल्या ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना या रोगाची लस अवश्य टोचून घ्यावी. त्यात गोठ्याचे, घराचे आणि डॉक्टरांचेही संरक्षण आहे.

गोपालकांनी काय करावे?

रात्रीच्या फोनपैकी काही अत्यंत निकडीचे असतात, तर काही सकाळपर्यंत थांबू शकतात. हा फरक ओळखता आला तर डॉक्टरांची झोप वाचते आणि खऱ्या निकडीच्या वेळी ते ताज्या मनाने येऊ शकतात.

ताबडतोब बोलवावे :

- पाणमोट फुटून तास-दोन तास झाले, गाय कळा देते, पण वासरू पुढे सरकत नाही
- व्याल्यानंतर मायांग बाहेर आले आहे (ते स्वच्छ ओल्या कापडात धरून ठेवावे, आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये)
- डावी कूस फुगून जनावराला श्वास घेणे जड जाते
- व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय आडवी पडून मान पोटाकडे वळविते, कान थंड पडतात (दुग्धज्वराची शक्यता)
- सर्पदंश, विषबाधा, न थांबणारा रक्तस्राव

दुग्धज्वरात शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर गाय बहुधा थोड्याच वेळात उठते. डॉक्टर येईपर्यंत तिला भरलेल्या गोण्यांचा आधार देऊन छातीवर बसते ठेवावे. तोंडाने काहीही पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन गाय दगावू शकते आणि मग दोष मात्र इंजेक्शनला दिला जातो.

त्याच दिवशी, पण दिवसा कळवावे :

- कासेला सूज, दुधात गाठी (कासदाह)
- व्याल्यानंतर १२ तास होऊनही वार न पडणे
- चारा कमी खाणे, ताप, लंगडणे

वेळ ठरवून घ्यावी : कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, लसीकरण, जंतनाशक. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. त्यासाठी मध्यरात्री फोन करण्याचे कारण नाही.

याशिवाय पुढील बाबी पाळाव्यात :

१) फोनवर जनावराचे वय, वेत, व्याल्याची तारीख, लक्षणे आणि आधी दिलेली औषधे स्पष्ट सांगावीत. आधी दुसऱ्याकडून उपचार केले असल्यास ते लपवू नये.

२) डॉक्टर येण्यापूर्वी जनावर बांधून ठेवावे. गरम पाणी, साबण, स्वच्छ कापड, पुरेसा उजेड आणि मदतीला दोन माणसे तयार ठेवावीत.

३) वाडी-वस्ती आडबाजूला असल्यास एकाने रस्त्यापर्यंत जाऊन डॉक्टरांना घेऊन यावे. आता महिला पशुवैद्यकही मोठ्या संख्येने या कामात आहेत. त्यांना रात्री सोबत देणे, घरातील बाईने गोठ्यात हजर राहणे आणि हातपाय धुण्याची सोय करणे ही गावाची जबाबदारी मानावी.

४) उपचार सुरू करण्यापूर्वी ‘वाचण्याची शक्यता किती, खर्च किती’ हे मोकळेपणाने विचारावे. आर्थिक अडचण असल्यास तीही आधीच सांगावी. त्यातून दुसरा मार्ग निघू शकतो.

५) जनावर दगावल्यास कारण जाणून घेण्यासाठी शवविच्छेदन करावे. घाईने आरोप करू नयेत. तक्रार असल्यास ती लेखी व योग्य ठिकाणी करावी. दमदाटी, शिवीगाळ आणि चित्रफिती यांमुळे पुढच्या रात्री डॉक्टर येण्यास कचरतील आणि नुकसान सर्व गावाचे होईल.

६) खोट्या दाखल्याचा आग्रह धरू नये.

७) गाय बरी झाली तर तसे कळवावे. डॉक्टरांना वाईट बातमी नेहमी पोहोचते, चांगली क्वचितच. दोन शब्दांच्या निरोपाला खर्च लागत नाही.

दूध संस्था आणि ग्रामपंचायतीची भूमिका

उधारी हे खाजगी पशुवैद्यकांच्या मनस्तापाचे मोठे कारण आहे. सभासदांच्या संमतीने दूध बिलातून उपचाराचे पैसे वळते करण्याची पद्धत दूध संस्थेने ठेवल्यास डॉक्टरांना दारोदार मागणी करावी लागत नाही. संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात मजबूत खोडा उभारावा. लाथ लागण्याचे प्रसंग त्यामुळे कमी होतात. परिसरातील डॉक्टरांच्या रात्रपाळीचा तक्ता, तसेच फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक दूध संकलन केंद्रावर लावावा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांची लसीकरण शिबिरे आधी दवंडी देऊन घ्यावीत, म्हणजे डॉक्टरांना घरोघरी हेलपाटे पडत नाहीत.

पशुवैद्यकांनी स्वतःसाठी काय करावे?

१) शेजारच्या गावांतील तीन-चार डॉक्टरांनी रात्रीची कामे वारीने वाटून घ्यावीत. चौघांनी वाटणी केली तर प्रत्येकाला चारपैकी तीन रात्री निर्धास्त झोप मिळते. रुग्ण दुसऱ्याकडे जाईल ही भीती असते, परंतु थकून व्यवसायच सोडावा लागणे हे त्याहून मोठे नुकसान आहे.

२) रात्र जागून काढल्यावर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया आणि लांबचा मोटारसायकल प्रवास टाळावा.

३) अवघड रुग्णाबाबत सहकाऱ्याशी बोलावे. चूक शोधण्यासाठी नव्हे, तर मनावरचे ओझे वाटून घेण्यासाठी. महिन्यातून एकदा एकत्र बसण्याचा परिपाठ ठेवावा.

४) उपचाराची नोंद, रोगाचा संभाव्य शेवट आणि मालकाची संमती लिहून ठेवावी. पुढे वाद झाल्यास या नोंदीचा आधार होतो.

५) रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी, हातमोजे वापरावेत. रोगाच्या भीतीचा ताण त्यामुळे कमी होतो.

६) भूल देण्याची व तत्सम धोकादायक औषधे कुलुपात ठेवून त्यांची नोंद दोन व्यक्तींनी पाहावी. खचलेल्या मनःस्थितीत अशी औषधे हाताशी नसणे जीव वाचविणारे ठरते.

७) झोपेसाठी दारू किंवा स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. औषधांची माहिती असल्यामुळे स्वतःच उपचार करण्याचा मोह पशुवैद्यकाला अधिक होतो.

मदत कोठे मिळते?

केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते आणि मराठीत बोलण्याची सोय आहे. डॉक्टर, त्यांच्या घरचे किंवा सहकारी कोणीही फोन करू शकतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांतून तपासणी व उपचार मिळतात. चाकण-पिंपरी परिसरातील लोकांना औंध येथील जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. कासदाहात दूध स्वच्छ दिसू लागले म्हणून औषध अर्धवट सोडले की आजार उलटतो, तसेच हेही आहे.

एखादे डॉक्टर खचल्यासारखे वाटले, तर ‘डॉक्टरसाहेब, बरेच दिवस तुम्ही गप्प दिसता, काही त्रास आहे का?’ असे निवांतपणे विचारावे. जीव देण्याचे विचार मनात येतात का, हेही सरळ विचारण्यास हरकत नाही. विचारल्याने असे विचार मनात भरतात हा गैरसमज आहे. उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यांना एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि १४४१६ वर फोन लावून द्यावा किंवा थेट रुग्णालयात न्यावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चांगली गाय, सकस चारा आणि स्वच्छ गोठा यांबरोबर वेळेवर येणारा पशुवैद्यक हाही दुग्धव्यवसायाचा आधार आहे. पंचक्रोशीत असा एकच डॉक्टर असेल तर त्याची काळजी घेणे अधिकच गरजेचे आहे. वरील यादी गोठ्याच्या भिंतीवर लावावी, रात्रीचा फोन करण्यापूर्वी ती एकदा पाहावी आणि दूध संस्थेच्या पुढील सभेत रात्रपाळीच्या तक्त्याचा व खोड्याचा विषय मांडावा. एवढ्याने सुरुवात झाली तरी पुष्कळ होईल.